मागची वाट: उघडी की बंद

काका, तुमच्या घराच्या रकान्यात काय लिहू?

परवा ऑफिसात आल्याबरोबर जिग्नेशनं त्याचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. तुमच्या गल्लीतली सगळी घरं हिरवी झालीत, म्हणजे तपासून पूर्ण. मधोमध एक पांढरं. "सुरेखाबेन, पेला घरनुं शुं करवानुं छे?" त्यानं विचारलं, त्या घराचं काय करायचं. 'काकांचं घर' असं म्हणाला नाही, 'ते घर' म्हणाला. मी सवयीनं बोलून गेले, "काका बघणार होते." हे वाक्य या ऑफिसात रोज कोणीतरी बोलायचंच. आता त्याचं काय करायचं?

तुमच्या मराठी मंडळाच्या लोकांनी मला तुमच्या आठवणींच्या अंकासाठी लिहायला सांगितलंय. मी म्हटलं, मी आठवी शिकलेली बाई, मला नाही जमायचं. ते म्हणाले, तुम्ही बोलता तसं लिहा. म्हणून बोलतेच आहे तुमच्याशी. तुमचं शिक्षण, नोकरी, आजोबा संस्थानाच्या राजवटीत कोणत्या खात्यात होते, हे सगळं दुसरे लिहितील, त्यांना नीट माहीत आहे. मला एवढंच विचारायचंय, आणि विचारायला तुम्हीच नाही. तुमच्या घराची मागची वाट उघडी लिहू की बंद?

लोक विचारायचे, रिटायर झाल्यावर पण तुम्ही कसले नकाशे करता? तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून सांगायचात, "शहरात एका घराची तीन घरं असतात. एक मंजूर नकाशातलं, एक घरपट्टीच्या यादीतलं आणि एक खरोखरचं. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. आम्ही त्यांची ओळख करून देतो." मला ते फार आवडायचं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे तुम्ही लग्नं जुळवता. ते तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की खोकला लागला.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते काम नव्हतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. आग लागली, विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं, तर बंबवाल्याला गाडीत बसल्या बसल्या दिसलं पाहिजे की घराला मजले किती, जिना कुठे, मागून निघता येतं का. तीन ठिकाणची माहिती एका नंबराखाली आली तरच ते दिसतं. आणि त्यातली एक जरी खोटी निघाली, तर गाडी चुकीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

मी पहिल्यांदा आले तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल का? दुपारी घराघरात बायकाच असतात, त्या अनोळखी पुरुषाला आत घेत नाहीत, म्हणून तुम्हाला मोजणीला बाई हवी होती. मी तरसालीहून दोन रिक्षा बदलून आलेली. अर्जात शिक्षणाचा रकाना मी रिकामा ठेवला होता. तुम्ही तिथेच बोट ठेवलंत.

"हे रिकामं का?"

मी काहीतरी पुटपुटले.

"नसेल तर 'नाही' लिही. आठवी असेल तर आठवी लिही. रिकामा रकाना आपल्याकडे चालत नाही. रिकामा रकाना खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही. पुढच्या माणसाला अंधारात ठेवतो."

मी आठवी लिहिलं. मला वाटलं, झालं, आता परत जायचं. तुम्ही अर्ज बाजूला ठेवून म्हणालात, "बरं, सांग, आत्ता इथे आग लागली तर कुठून पळशील?"

"ज्या दारानं आले त्याच दारानं."

"सगळे हेच सांगतात," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर काम आहे. उद्यापासून ये."

एवढंच. चंदगडहून इथे आल्यापासून मला कुणी 'उद्यापासून ये' म्हटलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा शेजारीण गुजरातीत बोलायची, मी नुसती मान हलवायचे, त्यामुळे तिला वाटायचं मी तिचं सगळं ऐकून घेते. माझ्या घराला मी मुकले होते आणि या गावात अजून पोचले नव्हते. तुम्ही मला दुसऱ्यांची घरं बघायला लावलीत. गल्ली गल्ली फिरवून हे गाव माझ्या पायाखाली घातलंत. आज मकरपुऱ्यापासून नागरवाड्यापर्यंत कुणी कुठला पत्ता विचारला तर मी सांगते, आणि सांगताना दर वेळी तुमचा आवाज येतो, "नुसता पत्ता नको सांगू, वळण सांग."

तुमची कामाची रीत निराळीच. दार उघडलं की मोजायचं नाही, आधी पाणी मागायचं. गुजरात्याच्या दारात "जय श्री कृष्ण", आपल्या माणसाच्या दारात "काय म्हणताय", आणि मग, "बेन, जरा पाणी मिळेल?" सुरुवातीला मला वाटलं तुम्हाला फार तहान लागते. साखरेचा त्रास असेल. मग एकदा बाहेर पडल्यावर विचारलंत, "ती पाणी आणायला कुठे गेली? उजवीकडे की मागे? किती वेळ लागला? जाताना पायरी चढली का?" पाणी मागितलं की घर आपणहून आतलं दाखवतं, असं म्हणायचात तुम्ही. त्या नादात आपण दिवसाला इतकं पाणी प्यायचो की शेवटच्या घरात मोजणीपेक्षा दुसरीच विचारपूस करावी लागायची.

आणि टेप. ऑफिसनं लेझरचं यंत्र दिलं होतं, बटण दाबलं की आकडा. बोळात तुम्ही ते खिशातून काढायचा नाहीत. "जुन्या भिंतींना पोट असतं. यंत्राला एकच ठिपका दिसतो." मग तुम्ही टेपचं शून्याचं टोक भिंतीला दाबून धरायचात आणि मला पुढे पाठवायचात. "धरलंय. तू चल." दर घरात, दर बोळात हेच. माझं मन सारखं मागे असायचं, टोक सुटलं तर, आकडा चुकला तर, पदवीवाल्या मुली येतील आणि मला काढतील तर. मी वळून बघायचे. तुम्ही चिडायचात, "अगं, मागे काय बघतेस? मी उभा आहे ने!" 'ना'ला तुम्ही इकडचे लोक 'ने' म्हणता.

आपण भांडलो ते एकाच गोष्टीवरून, आणि ते भांडण संपलंच नाही.

पुराचं पाणी ओसरल्यावर आपण नदीकडच्या सोसायट्यांत गेलो होतो. तिथे एका बाईनं सांगितलं, नाव पुढच्या गेटशी आली, सोसायटीतल्या बाकी सगळ्यांना घेऊन गेली, आणि तिचे सासरे मागच्या खोलीत कॉटवर तसेच. ते अंथरुणाला खिळलेले, आणि घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. पाणी गादीला लागेपर्यंत कुणाला पत्ता नाही. शेवटी काढलं त्यांना, वाचले ते. पण माझ्या डोक्यातून ती कॉट जाईना. सेवउसळ खाताना मी तुम्हाला म्हटलं,

"काका, आपण मजले लिहितो, दारं लिहितो. ज्याला उठता येत नाही असं माणूस आत आहे, हे का नाही लिहीत?"

"माणसं मोजायला दुसरे आहेत."

"मोजायची नाहीत. नुसतं लिहायचं. खाली, मागच्या खोलीत, एक जण."

"आणि ते कुणाकुणाला दिसेल?" तुम्ही चमचा खाली ठेवलात. "तीन याद्या जोडल्या की तीन दारं उघडतात, सुरेखा. बंबवाला बघेल, बराबर. पण उद्या कुणी बिल्डर बघेल, इथे म्हातारी एकटी आहे, दाब टाकू. चोर बघेल. भिंत लिहिली तर भिंतीचं काही जात नाही. माणसाचं जातं."

"आणि न लिहिल्यावर कॉटवर राहिलं तर?"

"वर तर्री घे अजून आणि विषय बदल," असं म्हणून तुम्ही भय्याला हाक मारलीत, "हिला तिखट दे रे, कोल्हापूरकडची आहे, फिकं खाल्लं की भांडते."

तेव्हा मला वाटलं होतं मी बरोबर आहे. आता वाटतं तुम्ही बरोबर असाल. जिग्नेशला विचारलं तर तो म्हणतो दोघंही बरोबर, पण त्याला दोन्ही बाजूंचा चहा प्यायचा असतो.

मग तुमची गल्ली आली. यादीत नावं बघून तुम्ही मला डोळा घातलात, "आमच्याकडे मेलेली माणसं फार वेळेवर टॅक्स भरतात." खरंच होतं. निम्मी घरं आजोबांच्या, पणजोबांच्या नावावर. तुमचंही तसंच. म्हणून तर काका, तुम्ही गेल्यावर मी कॉम्प्युटरवर तुमचं घर उघडून बघितलं, काय बदलायला लागेल म्हणून. काहीच नाही. आजोबांचं नाव तसंच, मजले तेवढेच. तुम्ही त्यात कधी नव्हताच, तर जाणार कुठून? मला कळेना रडू की बरं वाटून घेऊ.

तर तुमची गल्ली. दोन दिवस तुम्ही सगळ्यांना नुसतं पिळून काढलंत. कोपऱ्यावरच्या बेननं ओट्यावर वाढवलेली पायरीसुद्धा लिहायला लावलीत. ती म्हणाली, "काका, तुमे तो घरना माणस छो!" तुम्ही म्हणालात, घरचा आहे म्हणूनच. आणि तुमच्या दारात आल्यावर तुम्ही एकदम हळू झालात. मी सवयीनं काकूंना पाणी मागितलं. त्या भिंतीला धरून आत गेल्या आणि भिंतीला धरूनच आल्या. मंजूर नकाशा माझ्या हातात होता. तुमच्या घराच्या कडेनं मागच्या रस्त्यापर्यंत जाणारी वाट त्यात काढलेली, चार घरांची सामायिक. मी टेप सोडायला गेले तर तिथे दार. दार उघडलं तर बाथरूम. निळ्या फरशीची, भिंतीला धरायला स्टीलची दांडी, खाली रबराची चटई.

"काकूंचे गुडघे गेले तेव्हा," तुम्ही म्हणालात. "वर जिन्यानं जाता येत नव्हतं. शेजाऱ्यांना विचारलं होतं. तिघंही म्हणाले, काकींसाठी ने, बांधा."

मी पेन धरून उभी. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "हे राहू दे आता. मी बघतो."

"रिकामं ठेवू?"

"राहू दे म्हटलं ना."

काका, मला तेव्हा फार राग आला. बाहेर पडल्यावर मी बोललेही, "त्या बेनची पायरी मात्र लिहिलीत." तुम्ही पुढच्या घराचं दार वाजवलंत आणि पाणी मागितलंत. नंतर मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा, "उद्या बघू." शेवटच्या दिवशीही ऑफिसातून निघताना छत्री विसरलात म्हणून परत आलात, आणि दारातूनच म्हणालात, "सुरेखा, आमच्या घराचं उद्या नक्की करू." नक्की करू म्हणजे काय लिहू? उघडी लिहिली तर खोटं. बंद लिहिली तर नोटीस येईल, निळी फरशी फुटेल, काकू कुठे जातील? बंद का केली ते लिहायचं तर काकूंचे गुडघे सगळ्यांना दिसणार, तेच तुम्हाला नको होतं. तुम्ही काय ठरवलं होतंत? ठरवलं तरी होतंत का?

पुढचं मला नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा ऑफिसात फोन आला, छातीत दुखतंय म्हणतात, ॲम्ब्युलन्सला सांगितलंय. जिग्नेशनं स्कूटर काढली, मी मागे बसले. तुमच्या गल्लीत लग्नाचा मांडव होता, त्याच कोपऱ्यावरच्या बेनच्या मुलीचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकलेली. तुम्हाला स्ट्रेचरवर घेऊन ते मांडवातून येत होते आणि लोक खुर्च्या उचलत होते, कुणी झालर वर धरलेली, रांधणारे बाजूला उभे. मीही एक खुर्ची उचलली. तुमचा हात लोंबत होता तो मी वर ठेवला. तुम्ही डोळे उघडलेत असं मला वाटलं. जिग्नेश म्हणतो, नाही उघडले.

आणि त्या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात काय होतं सांगू? नकाशा. तुमच्या खोलीच्या मागे मोठा रस्ता, मध्ये फक्त एक निळ्या फरशीची खोली.

डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. ते असं सगळ्यांनाच सांगतात का? काकूंना त्या बाथरूमनं किती वर्षं दिली, आणि तुमची किती मिनिटं घेतली, हा हिशेब मी घालते आणि मग माझीच मला लाज वाटते. रागावू कुणावर? मांडवावर? पोरीचं लग्न होतं ते, तुम्हीच आहेर आणून ठेवला होता. तुमच्यावर रागवावं तर तुम्ही वाईट काही केलंच नाहीत, बायकोला उभं राहता यावं म्हणून भिंत घातलीत. मग हे असं कसं होतं, की सगळी माणसं चांगली आणि वाट बंद?

तेरावं झालेलं होतं; जिग्नेशनं विचारलं त्याच संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्या खुर्चीत बसून दाराकडे बघत होत्या. "ये ने आत. पाणी घेणार?" मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "का? तुम्हा लोकांना तर आधी पाणी लागतं."

मी सांगून टाकलं. रकाना रिकामा आहे, फाईल पुढे जायची आहे, काका बघतो म्हणाले होते. नोटिशीचंही सांगितलं. बाकीच्या तीन घरांचीही ती वाट आहे हेही. आणि तुमचं-माझं भांडण, उठता न येणारं माणूस लिहायचं की नाही, तेही सांगितलं. काकू ऐकत होत्या. चेहरा बघून मला वाटलं आता रडतील.

"म्हणजे तुम्ही दोघं सेवउसळ खात माझ्या गुडघ्यांवरून भांडत होतात?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या नाही काकू, तसं सगळ्यांच्याच..."

"माझ्याच. त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरं कोण होतं? आणि दोघांपैकी एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही."

काका, तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?

"ते बाथरूम झाल्यापासून मी रोज आत जाताना विचार करते," काकू म्हणाल्या, "पलीकडच्या घरात तीन पोरं आहेत. काही झालं तर ती कुठून पळतील? यांना म्हटलं एकदा. म्हणाले, उद्या बघू. माझी सोय काढून घ्यायचं वाईट वाटत होतं त्यांना, म्हणून पोरांचं बोलायचे नाहीत. आता लिही तू. बंद लिही."

"आणि नोटीस आली तर?"

"येऊ दे. जो घेऊन येईल त्याला म्हणेन, बस, पाणी घे, आणि सांग मी कुठे जाऊ. तोडायचंच तर दुसरीकडे बांधून तोडा म्हणावं. आणि माझंही लिही कुठेतरी. खाली राहते, दार उघडायला वेळ लागतो, ठोठावून निघून जाऊ नका म्हणावं."

"ते सगळ्यांना दिसेल काकू."

"दिसू दे. नाहीतरी अख्ख्या गल्लीला दिसतं, मी भिंतीला धरून चालते ते. मंडळाच्या अंकातसुद्धा लिही."

म्हणून इथे लिहिलंय. तरीही मला भीती वाटते. तिथे, ऑफिसच्या नोंदीत, लिहायला रकानाच नाही. जिग्नेशला विचारलं, शेऱ्यात टाकून फक्त बंबवाल्यांनाच दिसेल असं करता येईल का. "करूं छूं कंईक," म्हणाला. त्याचं 'काहीतरी' कधी होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नोटीस येईल का, कधी येईल, मला माहीत नाही. तुम्ही असतात तर 'बंद' लिहिलं असतं, असं मला कधी वाटतं; कधी वाटतं, नसतंच लिहिलं, आणि मला ओरडला असतात. दोन्ही आवाज मला तुमचेच ऐकू येतात.

पण बंद लिहायचं तर किती उघडी आणि किती बंद, तो आकडा लागतो. त्या संध्याकाळी तिथेच, काकूंसमोर, मी पिशवीतून टेप काढला. एकटीनं मोजायचं कसं म्हणून टोक कशात अडकवता येतं का ते शोधत होते. तेवढ्यात काकू उठल्या. भिंतीला धरत पुढच्या दारापर्यंत, वाट सुरू होते तिथे, गेल्या, एका हातानं चौकट पकडली आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. मी शून्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते भिंतीला दाबलं, अंगठा पांढरा होईपर्यंत.

मी वळून वळून बघत होते, त्या पडतील म्हणून.

"धरलंय," काकू म्हणाल्या. "तू चल."

मी चालले. लगेच बाथरूमची भिंत आली.